पट्टीआडचे दहा दिवस

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा इतिहास आजवर बहुतेकांनी शस्त्राच्या अंगाने लिहिला आहे. सुश्रुताची शलाका, फ्रान्समधील दाव्हिएल याने १७४७ साली बुबुळापुढील पारदर्शक पडदा कापून बाहेर काढलेले गढूळ भिंग, व्हिएन्नाच्या कोलरने १८८४ साली डोळा बधिर करण्यासाठी योजलेले कोकेन, हे टप्पे कोणत्याही वैद्यकेतिहासात ठळक अक्षरांत आढळतात, आणि ते तसे आढळावेत हे रास्तच आहे. परंतु शस्त्र डोळ्यात राहते ते काही पळे, आणि रोगी पट्टीआड पडून राहत असे तो आठ-दहा दिवस. दृष्टी येणार की कायमची जाणार, याचा निकाल पुष्कळदा त्या दहा दिवसांतच लागत असे. त्या दिवसांत रोग्याच्या उशाशी कोण बसले होते, त्याने काय केले आणि काय टाळले, याची हकीकत मात्र कोणत्याही दप्तरात सलग सापडत नाही. ती जुन्या ग्रंथांतील पथ्यापथ्याच्या प्रकरणांतून, रुग्णालयांच्या शिरस्त्यांतून आणि परिचारिकांच्या पाठ्यपुस्तकांतून वेचून घ्यावी लागते. नेत्र आणि कर्ण या दोन इंद्रियांच्या शुश्रूषेचा हा वृत्तान्त अशाच वेचलेल्या सामग्रीतून सिद्ध केला आहे.

आयुर्वेदाच्या आचार्यांना या दिवसांचे महत्त्व पुरते उमगलेले होते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातील पहिले १९ अध्याय नेत्ररोगांना वाहिलेले असून त्यांत ७६ रोगांची गणना आहे. सतराव्या अध्यायात कफज लिंगनाशाचा, म्हणजे आपल्या मोतीबिंदूचा, वेधनविधी सांगितला आहे. जवाच्या टोकासारखे मुख असलेल्या शलाकेने डोळ्याच्या पांढऱ्या भागातून वेध घ्यावयाचा, बाहुलीआडचे गढूळ भिंग बाजूला सारावयाचे, आणि रोग्यास रूपे दिसू लागताच शलाका हळूच काढून घ्यावयाची, एवढे झाले की शस्त्रवैद्याचे काम संपते. पण अध्याय तेथे संपत नाही. डोळ्यावर तूप घालून पट्टी बांधावी, धूर, धूळ, वारा आणि ऊन जेथे पोहोचत नाही अशा घरात रोग्यास निजवावे, ढेकर, खोकला, शिंक, थुंकणे आणि अंगाची थरथर यांपासून त्यास जपावे, दर तिसऱ्या दिवशी पट्टी सोडून वातहर काढ्याने डोळा धुवावा आणि दहा दिवस हा नियम चालवावा, असा तपशीलवार आदेश आहे. वाग्भट त्याही पुढे जाऊन सांगतो, की एकाच डोळ्याचा वेध झाला असेल तर रोग्याने दुसऱ्या कुशीवर निजावे, दोन्ही डोळ्यांचा झाला असेल तर उताणे निजावे, आणि सात दिवसपर्यंत स्नान, दंतधावन व खाली मान घालून बसणे वर्ज्य करावे. या कडक निर्बंधांमागील कारण उघड आहे. सारलेले भिंग डोळ्यातच राहिलेले असे, आणि एका जोराच्या खोकल्याने ते पुन्हा बाहुलीसमोर येऊन सारे श्रम वाया जाण्याची भीती असे.

हे निर्बंध पाळून घेण्याचे काम ज्याच्याकडे सोपवावयाचे, त्या परिचारकाची योग्यताही ग्रंथकारांनी ठरवून दिली आहे. चिकित्सेचे चार पाद म्हणजे वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी, असे चरक म्हणतो, आणि परिचारकाच्या ठिकाणी उपचारांचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी ममत्व आणि शुचिता हे चार गुण असावेत अशी अपेक्षा करतो. ज्या काळी जंतूंची कल्पनाही नव्हती, त्या काळी शुचितेला सेवकाच्या पात्रतेत स्थान मिळाले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

कानाचे प्रकरण त्याच उत्तरतंत्रात नेत्ररोगांना लागूनच, विसाव्या आणि एकविसाव्या अध्यायांत, येते आणि तेथे २८ कर्णरोग वर्णिले आहेत. तेलाने कान भरणे, गुग्गुळाची धुरी देणे, वातीने स्राव टिपणे असे ते उपचार आहेत. कान टोचण्याचा संस्कार सूत्रस्थानात आला असून तेथेही टोचणाऱ्यापेक्षा नंतर जपणाऱ्याच्या कामाचा विस्तार अधिक आहे: छिद्रात कापसाची वात ठेवावी, तेल घालावे, दर तीन दिवसांनी पूर्वीपेक्षा जाड वात घालून छिद्र वाढवीत न्यावे. कान सोनारानेच टोचावेत हे आपल्याकडे म्हणीत जाऊन बसले खरे. परंतु सोनार दक्षिणा घेऊन उठल्यावर, कान सुजू नये म्हणून पुढचे कित्येक दिवस तेल-हळद लावीत बसणारी आजी म्हणीत आली नाही. शुश्रूषेच्या इतिहासात हा अन्याय सर्वत्र झालेला आहे.

मध्ययुगात आणि त्यानंतर, शास्त्राचे अध्ययन मंदावल्यावर, शलाका फिरत्या लोकांच्या हाती गेली. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत गावोगाव हिंडून मोतीबिंदू ‘उतरवणारे’ असे लोक हिंदुस्थानच्या निरनिराळ्या भागांत होते, आणि मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयाचे प्रमुख राहिलेले कर्नल इलियट यांनी १९१७ साली लंडनमध्ये दिलेली व्याख्याने सर्वस्वी त्यांच्याच शस्त्रकर्मावर आहेत. त्यांच्या बोटांतील कसब नाकारण्याचे कारण नाही. भिंग सरकताच रोग्यास खरोखर दिसू लागे. तोच क्षण साधून, जमलेल्या मंडळींसमोर त्याला बोटे मोजावयास लावून, ठरलेली रक्कम पदरात घ्यावयाची आणि डोळा चिघळण्याच्या आत मुक्काम हलवावयाचा, हा त्यांचा शिरस्ता होता. सुई स्वच्छ नसे, आणि तिसऱ्या दिवशी पट्टी सोडण्यास कोणी नसे. म्हणून ज्याला सकाळी दिसले त्याचा डोळा पुष्कळदा पंधरवड्याने कायमचा जाई. सुश्रुताच्या विधीतील वेध तेवढा या परंपरेत उरला होता आणि उत्तरार्ध गळून पडला होता. त्यामुळे एका अर्थी हा सारा अनर्थ शुश्रूषेच्या अभावाचा होता.

या अंधारात एक मराठी दरबार वेगळा उठून दिसतो. तंजावरचे सरफोजीराजे दुसरे, ज्यांची कारकीर्द १७९८ पासून १८३२ पर्यंत झाली, त्यांनी धन्वंतरी महाल या नावाने वैद्यकाची संस्था चालविली आणि तेथे देशी व विलायती अशा दोन्ही पद्धतींचे उपचार होत असत. नेत्ररोग्यांच्या नोंदी आणि त्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे असलेली हस्तलिखिते सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जतन केलेली आहेत. रोग्याच्या डोळ्याची स्थिती लेखणीने आणि कुंचल्याने टिपून ठेवणे, म्हणजेच उपचारानंतरही त्या माणसाकडे लक्ष ठेवणे, ही वृत्ती फिरत्या वैदूच्या वृत्तीच्या अगदी उलट टोकाची होती.

विलायतेत नेत्ररुग्णालये उदयास येण्यास युद्ध कारण झाले. १८०१ सालच्या मिसर देशातील मोहिमेवर गेलेल्या इंग्रजी फौजेत, ज्या फौजेची एक तुकडी जनरल बेअर्डच्या हाताखाली मुंबई बंदरातूनच निघाली होती, डोळे येण्याची भयंकर साथ पसरली आणि परतलेल्या शिपायांबरोबर ती इंग्लंडात पोहोचली. लंडनमध्ये १८०५ साली साँडर्स नावाच्या शस्त्रवैद्याने जो दवाखाना उघडला, तो मुळात डोळे आणि कान या दोहोंसाठी होता. कानाचे काम पुढे थोड्याच काळात सुटले आणि ती संस्था मूरफील्ड्‌स या नावाने केवळ नेत्ररुग्णालय म्हणून प्रसिद्धीस आली. मद्रासला १८१९ साली तसाच नेत्रदवाखाना निघाला, आणि मुंबईत भायखळ्याला, सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालयाच्या सान्निध्यात, कावसजी जहांगीर रेडीमनी यांच्या देणगीतून नेत्ररुग्णालय उभे राहिले. डोळ्याच्या रोग्यांसाठी स्वतंत्र खाटा झाल्या, आणि त्याबरोबर त्या खाटांवरील माणसांना सांभाळण्याचा प्रश्नही उपस्थित झाला.

हा प्रश्न बिकट होता, कारण भिंग बाहेर काढण्याच्या नव्या शस्त्रक्रियेत बुबुळाच्या कडेने जवळजवळ अर्धवर्तुळाकार छेद घ्यावा लागे, आणि तो टाक्यांनी शिवण्याची चाल विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सार्वत्रिक झालेली नव्हती. जखम मिटून राहावयाची ती केवळ पापणीच्या आणि पट्टीच्या दाबाने. रोगी शिंकला, कुंथला किंवा झोपेत कुशीवर वळला, की जखम उघडून आतील रस बाहेर येण्याचा धोका होता. शलाकेच्या काळी भिंग वर येऊ नये म्हणून जो निश्चलपणा पाळावयाचा, तोच आता जखम उघडू नये म्हणून पाळावा लागू लागला. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, वर पत्र्याचे कवच, मस्तकाच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या, चावावे लागू नये असे पातळ अन्न चमच्याने भरविणे, मलावरोध होऊ नये म्हणून रेचकाची तजवीज, आणि सर्व देहधर्म खाटेवरच, अशी ती व्यवस्था असे. जालंदरच्या कर्नल स्मिथ यांनी मोतीबिंदूच्या हजारो शस्त्रक्रिया केल्या आणि त्यांची पद्धत पाहावयास परदेशांतून डॉक्टर येत. पण त्या पद्धतीचे यश वरची पापणी आकड्याने अलगद उचलून धरणाऱ्या सहायकाच्या हातावर किती अवलंबून होते, हे पाहणाऱ्यांच्या ताबडतोब ध्यानात येत असे.

आपल्या प्रांतात असे शिक्षित हात तयार होण्यास एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. मुंबईत १८८६ साली कामा रुग्णालय सुरू झाले. मिरजेस डॉक्टर वानलेस यांनी अमेरिकन मिशनच्या वतीने १८९४ मध्ये रुग्णालय उघडले, त्यांचे नाव नेत्रशस्त्रक्रियेसाठी दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात सर्वतोमुखी झाले, आणि परिचारिकांचे शिक्षणही तेथे सुरू झाले. पुण्यात १९०९ साली निघालेल्या सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली ससून रुग्णालयाच्या साह्याने हिंदू स्त्रियांना, त्यांतही अनेक विधवांना, या व्यवसायात आणले. परक्या पुरुषाच्या अंगास हात लावावयाचा, सर्व जातींच्या लोकांची घाण काढावयाची, रात्रपाळी करावयाची, या गोष्टींमुळे ब्राह्मणी घरांतून या मुलींची जी अवहेलना झाली, तिची कल्पना आज येणे कठीण आहे. उलट रोगीही त्यांच्या हातचे पाणी पिण्यास कां-कू करीत आणि नातेवाईक रुग्णालयाच्या आवारात चूल मांडून स्वतंत्र शिजवीत. मुंबई इलाख्यात परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा १९३५ साली झाला आणि अखिल भारतीय परिषदेचा १९४७ साली, तेव्हा कोठे या कामास सनदी व्यवसायाची प्रतिष्ठा लाभली.

त्या काळच्या नेत्रकक्षातील एक सायंकाळची फेरी नजरेसमोर आणली म्हणजे या विद्येची सूक्ष्मता कळेल. परिचारिका तबक घेऊन येते. त्यात उकळून घेतलेले कापसाचे बोळे, बोरिकचे कोमट पाणी भरलेली काचेची चोचदार झारी, बाजूस धरावयाचे अर्धचंद्राकृती भांडे आणि गडद काचेच्या दोन बाटल्या असतात. खाटेला हात लावण्यापूर्वी ती रोग्याला नावाने हाक मारून आपण कोण आणि काय करणार हे सांगते, कारण डोळे बांधलेल्या माणसास अकस्मात झालेला स्पर्श दचकवतो आणि दचकणे म्हणजेच धोका. पट्टी सोडल्यावर ओला बोळा नाकाच्या बाजूकडून कानाच्या बाजूकडे एकदाच फिरवून ती टाकून देते. तोच बोळा दुसऱ्यांदा वापरला जात नाही. मग खालची पापणी किंचित ओढून तयार झालेल्या खोबणीत थेंब सोडते, प्रत्यक्ष बुबुळावर नव्हे, आणि नळीचे टोक पापणीस शिवू देत नाही. दोन बाटल्यांपैकी एकीत बाहुली विस्तारणारे ॲट्रोपीन आणि दुसरीत ती आकुंचित करणारे पिलोकार्पिन असते. काचबिंदूच्या रोग्यास चुकून पहिली घातली गेली तर डोळ्यातील ताण वाढून दृष्टी कायमची जाऊ शकते, म्हणून बाटलीवरचे नाव उचलताना, ओतताना आणि परत ठेवताना असे तीनदा वाचण्याचा दंडक. पू वाहणारा डोळा असेल तर रोग्यास त्याच कुशीवर निजवून, निरोगी डोळ्यावर घड्याळाच्या काचेचे कवच चिकटवून, एकाचा संसर्ग दुसऱ्यास होऊ द्यावयाचा नाही. नवजात अर्भकांच्या डोळ्यांत चांदीच्या क्षाराचा थेंब घालण्याची जी रीत लाइप्झिगच्या क्रेडे यांनी १८८० साली सुरू केली आणि जिने असंख्य बालके अंधत्वातून वाचली, ती अमलात आणणारेही हेच हात, सुइणींचे आणि परिचारिकांचे.

शिस्तीलाही मर्यादा असते, हे या कक्षांनीच शिकविले. दोन्ही डोळे बांधून अंधारात ठेवलेले वृद्ध रोगी दुसऱ्या-तिसऱ्या रात्री भ्रमिष्टासारखे होत, उठून बसत, पट्ट्या फाडीत, आपण घरीच आहोत असे समजून चालू लागत. खेड्यातून प्रथमच बाहेर पडलेल्या म्हाताऱ्याला सभोवतीची भाषा, वास आणि आवाज सारेच अनोळखी, त्यात दृष्टी हिरावलेली; मग मन सैरभैर व्हावे यात नवल नव्हते. यावर गुंगीच्या औषधापेक्षा निरोगी डोळा मोकळा करणे आणि मुलाला किंवा सुनेला उशाशी बसवून बोलत राहावयास लावणे हाच उपाय अधिक गुणकारी ठरे. नातलगांच्या वर्दळीला बंदी घालणारे रुग्णालयाचे कायदे या एका अनुभवापुढे पुष्कळ ठिकाणी नमते झाले.

कर्णकक्षाचे स्वरूप वेगळे होते. तेथे दुखणे अधिक आणि मृत्यूची छाया अधिक गडद असे; कारण कान फुटून वर्षानुवर्षे पू वाहिला की तो कानामागच्या हाडात शिरून मेंदूपर्यंत पोहोचे. ते हाड कोरून पू काढण्याची शस्त्रक्रिया जर्मनीतील श्वार्ट्‌झे यांनी १८७३ मध्ये रूढ केली. तिच्यानंतर जखमेतील कापडी वात रोज बदलावी लागे, आणि परिचारिकेने पाहावयाचे ते केवळ जखमेकडे नसे. रोगी हसला तर तोंड एका बाजूस ओढले जाते काय, डोळा पुरता मिटतो काय, घेरी येते काय, मान ताठते काय, या साऱ्यांवर तिची नजर असावी लागे. साधे कान धुणेदेखील साधे नव्हते. पिचकारीतील पाणी अंगाच्या उष्णतेइतकेच, ३७ अंश, असावे लागते. त्याहून गार वा गरम पाण्याने घेरी येते, आणि याच निरीक्षणाचा माग घेऊन व्हिएन्नाच्या बारानी यांनी तोलेंद्रियाचे कार्य उलगडले व १९१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळविले. मोठ्या माणसाचा कान वर आणि मागे ओढावयाचा, लहान मुलाचा खाली आणि मागे. मुलाने कानात हरभरा घातला असेल तर पाणी मुळीच घालावयाचे नाही, कारण तो फुगून अधिकच अडकतो. किडा गेला असेल तर आधी तेल सोडून त्याला मारावयाचे, मग काढावयाचे. ऐकू न येणाऱ्या रोग्याशी ओरडून बोलावयाचे नाही, त्याच्या समोर, आपल्या चेहऱ्यावर उजेड पडेल असे उभे राहून सावकाश बोलावयाचे, हाही नियम परिचारिकांच्या पाठ्यपुस्तकांतच आढळतो.

पेनिसिलिन आल्यावर कानामागच्या हाडाच्या शस्त्रक्रिया झपाट्याने कमी झाल्या. परंतु १९४३ साली शोधल्या गेलेल्या, क्षयाच्या रोग्यांस वरदान ठरलेल्या स्ट्रेप्टोमायसिनने एक नवे संकट आणले: ते काहींच्या कानाचा तोल आणि श्रवणशक्ती हिरावून घेई. कानात आवाज होतो काय, चालताना झोक जातो काय, असे रोज विचारणारी परिचारिका ही त्या संकटाची पहिली सूचना देणारी व्यक्ती ठरली.

स्वातंत्र्याच्या आसपास नेत्रशिबिरांचे युग आले. पंजाबात मोगा येथे डॉक्टर मथुरादास यांनी, आणि दक्षिणेत विजापूर जिल्ह्यातून आलेल्या डॉक्टर मोदी यांनी हजारोंच्या संख्येने शस्त्रक्रिया करून दाखविल्या. आपल्याकडेही शाळा, धर्मशाळा, मंगल कार्यालये यांत ओळीने अंथरुणे घालून रोगी ठेवले जात, आणि डॉक्टर पुढच्या गावी गेल्यावर मागे राहत ते शिक्षक, विद्यार्थी, गावातील तरुण आणि एक-दोन परिचारिका. शिबिरांनी पुष्कळांना दृष्टी दिली, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे; तथापि जेथे मागची व्यवस्था ढिली पडली तेथे डोळे दूषित होऊन गेले, आणि अखेर शासनाचे धोरणही तात्पुरत्या मंडपाऐवजी रोग्यास सुसज्ज रुग्णालयात आणण्याकडे वळले. मदुराईस १९७६ साली डॉक्टर वेंकटस्वामी यांनी अरविंद नेत्ररुग्णालय काढले, तेव्हा त्यांनी खेड्यांतील मुलींना निवडून नेत्रशुश्रूषेचे विशेष शिक्षण दिले आणि त्यांच्या बळावर ते अवाढव्य कार्य उभारले. फिरत्या वैदूंनी केलेल्या अनर्थाला हे सर्वांत मोठे उत्तर होय.

दरम्यान शस्त्रच बदलले. बारीक टाके आले. रिडले यांनी १९४९ साली डोळ्यात कृत्रिम भिंग बसविले, केल्मन यांनी १९६७ मध्ये ध्वनिलहरींनी भिंग फोडून शोषून घेण्याची युक्ती काढली, आणि छेद इतका लहान झाला की टाक्याचीही गरज उरली नाही. वाळूच्या पिशव्या अडगळीत गेल्या. सकाळी आलेला रोगी सायंकाळी घरी जातो, आणि रुग्णालयातील दहा दिवस काही घटकांवर आले.

यावरून शुश्रूषा अनावश्यक झाली असा निष्कर्ष कोणी काढील तर ती घोडचूक होईल. तिची जागा तेवढी बदलली आहे. पूर्वी शिक्षित परिचारिकेच्या हातून होणारे काम आता घरातील लेकी-सुनांच्या, मुलांच्या आणि कित्येकदा एकट्या राहणाऱ्या वृद्धाच्या स्वतःच्या हाती आले आहे, आणि औषधाचे थेंब काही आठवडे चालू ठेवावयाचे असतात. तेव्हा ज्या घरी असा रोगी परत येणार असेल, त्या घरातील निदान एकाने रुग्णालय सोडण्यापूर्वी परिचारिकेकडून थेंब घालण्याची रीत प्रत्यक्ष करून शिकून घ्यावी. प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत. बाटलीवरचे नाव उजेडात वाचावे. डोळ्यात मध, गुलाबपाणी वा काजळ आणि वाहत्या कानात तेल कोणाच्याही आग्रहाने घालू नये. आणि डोळा लाल होऊन दुखू लागला किंवा दिसणे मंदावले, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.